जमशेदजी टाटा

गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. पूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. याच जिल्ह्यातील लोहारा गावच्या लोहखनिजाविषयीचा अहवाल १८८२ साली जमशेदजी टाटा यांच्या वाचनात आला. आपल्या देशात पोलादाचा कारखाना काढायचा, हा ध्यास त्यांनी घेतला.

जमशेदजींचा जन्म १८३९ साली नवसारी येथे झाला. १८७७ साली त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे कामगार वरचेवर गैरहजर राहत. दंड करणे सोपे होते. जमशेदजींनी मात्र भविष्यनिर्वाह निधी व विमा सुरू केला, खेळांचे सामने भरवले, बक्षिसे दिली. कामगारांना गिरणी आपली वाटू लागली.

पोलादाचे काम लांबले. वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या उपयोगी नव्हता. तरीही १९०२ साली जमशेदजींनी परदेशातून मुलगा दोराबजी यांना पत्र लिहिले. कारखान्याची जागाही ठरली नव्हती! पण कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडे, मैदाने हवीत. मंदिर, मशीद, चर्च यांसाठी जागा राखावी, असे त्यांनी कळवले.

पुढे दोराबजी, त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड चांद्याच्या जंगलात बैलगाडीतून हिंडले. लोहाऱ्याचा बेत सोडावा लागला. मे १९०४ मध्ये जमशेदजी जर्मनीत वारले. सहकाऱ्यांनी शोध थांबवला नाही. अखेर मयूरभंजच्या डोंगरात भरपूर खनिज सापडले. १९०७ साली कंपनी निघाली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद तयार झाले. त्याच साकचीला १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले.