मार्कोनींची फजिती आणि तुमचे वायफाय

ओझरच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या प्रवासी विमानाचा वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलतो, ते योग्य रिसिव्हर असलेल्या कुणालाही ऐकू येऊ शकते. बिनतारी संदेशाचा हा स्वभाव गुग्लिएल्मो मार्कोनींना चारचौघांत कळला.

इटलीत १८७४ साली जन्मलेल्या मार्कोनींनी एकविसाव्या वर्षी घरामागच्या टेकडीपलीकडे बिनतारी संदेश पोहोचवला. १९०१ मध्ये थेट अटलांटिकपार. ठरावीक फ्रिक्वेन्सीमुळे आपले संदेश खासगी राहतात, हा त्यांचा दावा.

जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर प्रात्यक्षिक होते, मार्कोनी दूर कॉर्नवॉलमध्ये. त्यांचा संदेश येण्याआधीच यंत्र ‘उंदीर’ या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा उमटवू लागले, मग मार्कोनींची टवाळी. ही करामत जादूगार नेव्हिल मॅस्केलीनची. त्याने ती उघड कबूलही केली. आजच्या भाषेत हे हॅकिंगच!

घरच्या वायफायचेही तेच. चॅनल बदलून किंवा नेटवर्कचे नाव लपवून डेटा सुरक्षित होत नाही. तो कूटबद्धच करावा लागतो. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा शक्यतो डब्ल्यूपीए-३ निवडा, पासवर्ड लांब ठेवा.

मार्कोनींना १९०९ मध्ये फर्डिनांड ब्राउन यांच्यासह नोबेल मिळाले. १९२७ मध्ये त्यांच्या ‘बीम’ पद्धतीने आपली खडकी आणि दौंड ही केंद्रे इंग्लंडशी जोडली गेली. लहरी चहूकडे न पसरता एका दिशेने जात. तरी वाटेत ऐकता येत होत्याच. उतारवयात ते मुसोलिनीचे समर्थक झाले, हा डाग राहिलाच. १९३७ मध्ये रोममध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरची बिनतारी केंद्रे दोन मिनिटे गप्प होती.