धरणाआधीची नदी लिहून ठेवणारी बाई

मैत्रिणींनो, अमेरिकेतलं ग्रँड कॅनियन आपण कॅलेंडरवर तरी पाहिलेलं असतं. तांबूस कड्यांची खोल दरी आणि तळाशी दोरीसारखी दिसणारी कोलोरॅडो नदी. आज ही नदी धरणाच्या हुकमावर वाहते. पण ती मोकळी होती तेव्हा तिच्या काठावर काय काय उगवत होतं, याची पहिली सविस्तर नोंद दोन बायकांनी केली. त्यातल्या थोरल्या म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञ एल्झाडा क्लोव्हर.

एल्झाडाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेब्रास्का राज्यातला. बालपण शेतावर गेलं. आधी शाळेत शिकवलं, मग स्वतःचं शिक्षण पुढे नेलं. पदवी हातात पडली १९३० मध्ये, म्हणजे तिशी उलटल्यावर! तिथून त्या मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. निवडुंग हा त्यांच्या आवडीचा विषय. ज्या काटेरी झाडाला आपण कुंपणापलीकडे किंमत देत नाही, त्याच्यासाठी ही बाई वाळवंटं पालथी घालत होती.

१९३७ मध्ये युटा राज्यातल्या मेक्सिकन हॅट या खेड्यात त्यांची नॉर्मन नेव्हिल्स या नावाड्याशी गाठ पडली. दरीतल्या वनस्पती गोळा करायला खेचरं घेऊन उतरावं, असा एल्झाडांचा विचार होता. नेव्हिल्स म्हणाला, होडीनेच जाऊ. आणि बाई तयार झाल्या! त्या काळी हे धाडस म्हणजे जिवाशी खेळच. दहा वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये बेसी हाइड ही नवी नवरी पतीसोबत याच नदीत उतरली होती. ते दोघं पुन्हा कधी दिसलेच नाहीत. परक्या पुरुषांच्या तांड्यात एकटी बाई कशी जाणार, हा प्रश्न तिकडेही होताच. म्हणून त्यांनी लोइस जॉटर या २४ वर्षांच्या विद्यार्थिनीला सोबत घेतलं.

२० जून १९३८ रोजी तीन होड्या आणि सहा माणसं निघाली. एका होडीचं नावच ‘बॉटनी’ होतं. वर्तमानपत्रांना झाडांचं काही नव्हतं, त्यांना बायका होडीत बसल्याचंच अप्रूप. ठरलेल्या ठिकाणी पोचायला उशीर झाला, तर त्या बुडाल्या की काय अशा बातम्या झळकल्या. इकडे दोघींचा दिनक्रम काय? पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक उरकायचा, मग झाडं गोळा करायची, कागदात दाबून वाळवायची, नोंदी लिहायच्या. खळाळातून होडीने जाणं, उन्हाचा कहर, पाण्यात भिजलेले नमुने, हे सगळं वर. म्हणजे चूल सुटली नाहीच, मैत्रिणींनो!

सुमारे हजार किलोमीटरचा हा प्रवास सहा आठवड्यांनी मीड सरोवरापाशी संपला. दरीचा हा सबंध टप्पा नदीतून पार करणाऱ्या या पहिल्याच स्त्रिया. पण खरी कमाई होती यादीची. ४०० च्या आसपास वनस्पती, त्यात चार निवडुंग तर त्या वेळी नवे म्हणून नोंदवले गेले. पाण्यालगतच्या ओल्या वाळूत काय, कोरड्या वाळूत काय, दगडांच्या उतारावर काय, असं वेगवेगळं लिहिलेलं. हे काम १९४१ आणि १९४४ मध्ये शोधनिबंधांतून छापून आलं. एल्झाडांना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला मात्र १९६० उजाडलं. १९६७ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि १९८० मध्ये टेक्सासात त्यांचं निधन झालं.

मधल्या काळात, मार्च १९६३ मध्ये, दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले होते. ज्या ग्लेन कॅनियनमधून एल्झाडांची होडी गेली होती, ते पाण्याखाली गेलं. खालच्या दरीत तर नदीचा स्वभावच पालटला. पूर्वी ती गढूळ, उन्हाळ्यात कोमट आणि दरसाल पूर आणणारी. आता धरणाच्या तळाकडून सुटणारं पाणी गार आणि नितळ. आपल्याला हंड्यातलं पाणी निवळलेलं लागतं. नदीचं तसं नाही. गाळ धरणात अडकला, त्यामुळे काठावर नवी वाळू पडेना आणि होती तीही वाहून जाऊ लागली. विजेची मागणी वाढेल तसं पाणी दिवसातून चढू-उतरू लागलं. मोठे पूर थांबले, तसा धुऊन निघणाऱ्या काठावर टॅमॅरिस्क या परक्या झुडपाने ठाण मांडलं. कोमट पाण्यात वाढणाऱ्या हंपबॅक चब या मूळच्या माशाचे हाल झाले.

१९८२ पासून या बदलांचा शिस्तीने अभ्यास सुरू झाला. पण आधी काय होतं हे कळल्याशिवाय बदललं काय, हे सांगणार कसं? तिथे एल्झाडा-लोइसची यादी कामी आली. टॅमॅरिस्क दरीत धरणाआधीच शिरलं होतं, हेही त्यातूनच कळतं. म्हणजे सगळा दोष धरणाच्या माथी मारता येत नाही. १९९४ मध्ये तर ऐंशी वर्षांच्या लोइसला मुद्दाम बोलावून पुन्हा नदीत नेलं, पूर्वीची दरी आठवून सांगायला. एल्झाडा त्या वेळी नव्हत्या.

मार्च १९९६ मध्ये धरणातून मुद्दाम सात दिवस मोठा पूर सोडला गेला. सेकंदाला सुमारे १२७५ घनमीटर पाणी! तळाची वाळू उचलली गेली, किनारे पुन्हा भरले. पण पुढे तेही झिजले. मग उमगलं की खालच्या उपनद्यांनी वाळू आणली की लगेच पूर सोडायला हवा. २०१२ पासून तशी पद्धतच ठरवली गेली. वीज किती आणि नदीला किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण निदान तो मोजमापाने घालता येतो.

तुमच्या-माझ्या गावाशेजारीही एखादी नदी, ओढा असेलच. काठावर पूर्वी कोणती झाडं होती, कुठवर पाणी चढायचं, कोणते मासे मिळायचे, हे घरातल्या आजीला विचारा. आणि वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर का होईना, तारीख घालून लिहून ठेवा.