हान्स बेर्गर

हान्स बेर्गर (२१ मे, १८७३ - १ जून, १९४१) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ होते. मानवी मेंदूतील विद्युत् लहरींचा आलेख त्यांनी सर्वप्रथम मिळवला. विद्युत् मस्तिष्कालेखन, म्हणजेच ईईजी, या तपासणीचे ते जनक मानले जातात. अपस्माराचे निदान आणि निद्रेचा अभ्यास यांना या शोधाचा आधार आहे. बालपणीच्या मानसिक आघातांवर वापरल्या जाणाऱ्या न्यूरोफीडबॅक या उपचारपद्धतीचा पायाही तोच आहे.

प्रारंभिक जीवन

बेर्गर यांचा जन्म जर्मनीतील कोबुर्गजवळच्या नॉयझेस या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. आई आना ही कवी व प्राच्यविद्यापंडित फ्रीडरिश र्‍युकर्ट यांची कन्या. र्‍युकर्ट यांनी महाभारतातील नल-दमयंती आख्यान जर्मन भाषेत आणले होते.

बेर्गर यांना प्रथम खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. परंतु ते शिक्षण सोडून ते वर्षभरासाठी सैन्यात दाखल झाले. तेथे सरावाच्या वेळी घोडा उधळून ते तोफगाडीच्या वाटेत पडले आणि थोडक्यात बचावले. त्याच दिवशी, दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे तीव्रतेने जाणवले व तिच्या आग्रहावरून वडिलांनी चौकशीची तार केली. हा योगायोग आहे असे बेर्गर यांना कधीच वाटले नाही. एका मनातील भावना दुसऱ्या मनापर्यंत पोहोचत असेल, तर तिच्यामागे मोजता येईल अशी काही ऊर्जा असली पाहिजे, या विचाराने ते वैद्यकशास्त्राकडे वळले.

संशोधन

१८९७ मध्ये येना येथील मनोविकार रुग्णालयात ते ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. १९११ मध्ये त्यांचा विवाह उर्सुला फॉन ब्यूलो यांच्याशी झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले. १९१९ मध्ये ते बिन्सवांगर यांच्या जागी रुग्णालयाचे संचालक झाले.

मेंदूतील रक्ताभिसरण आणि तापमान मोजून मनोव्यापारांचा माग काढण्याचे त्यांचे आरंभीचे प्रयत्न फारसे फळले नाहीत. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत् प्रवाह असतो, हे इंग्लंडमधील रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. तोच प्रवाह माणसात शोधण्याचे काम बेर्गर यांनी हाती घेतले. जुलै १९२४ मध्ये, कवटीच्या हाडाचा काही भाग काढलेल्या १७ वर्षांच्या एका तरुणाच्या डोक्यावरून त्यांना गॅल्व्हनोमीटरवर हे संकेत मिळाले. ते अत्यंत क्षीण होते. हृदयाचे ठोके किंवा स्नायूंची हालचाल यांमुळेच ते उमटत नसतील ना, ही शंका फिटेपर्यंत बेर्गर यांनी पाच वर्षे काहीही प्रसिद्ध केले नाही. या काळात त्यांनी स्वतःच्या मुलावरही अनेक नोंदी घेतल्या.

१९२९ मध्ये त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. डोळे मिटून शांत असताना उमटणाऱ्या, सेकंदाला सुमारे दहा आंदोलनांच्या लहरींना त्यांनी अल्फा, तर त्यांहून जलद लहरींना बीटा असे नाव दिले. डोळे उघडताच किंवा मन एकाग्र होताच अल्फा लहरी मंदावतात, हेही त्यांनी नोंदवले. जर्मनीत या शोधाकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. १९३४ मध्ये केंब्रिजचे एडगर एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज यांनी त्याला पुष्टी दिल्यावर बेर्गर यांना जगभर मान्यता मिळाली.

नाझी राजवट आणि मृत्यू

१९३८ मध्ये बेर्गर निवृत्त झाले. नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले, असा समज दीर्घकाळ होता. मात्र नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून वेगळे चित्र समोर आले. ते एसएस या नाझी संघटनेचे वर्गणीदार सदस्य होते. ज्या आनुवंशिक आरोग्य न्यायालयांनी मनोरुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीचे आदेश दिले, त्यांच्या कामातही त्यांचा सहभाग होता. ज्यांच्या मनाचा शोध घेण्यात आयुष्य वेचले, त्याच रुग्णांवरील अन्यायात ते सामील झाले. त्यांच्या चरित्राचे मूल्यमापन ही बाब वगळून करता येत नाही. अखेरच्या काळात त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले आणि १ जून १९४१ रोजी येना येथे त्यांनी आत्महत्या केली.

वारसा : न्यूरोफीडबॅक

बेर्गर यांनी लहरी टिपल्या. त्या माणसाला स्वतः बदलता येतील का, हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला. आपल्या मेंदूत अल्फा लहरी केव्हा आहेत हे माणूस सरावाने ओळखू शकतो, असे अमेरिकेतील जो कामिया यांनी दाखवले. बॅरी स्टर्मन यांनी आधी मांजरांवर आणि १९७० च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांवर असे प्रशिक्षण करून पाहिले.

या पद्धतीत डोक्यावर संवेदक लावून लहरी संगणकावर चित्र किंवा ध्वनीच्या रूपाने दाखवतात. लहरी अपेक्षित पट्ट्यात आल्या की चित्र पुढे सरकते किंवा सूर उमटतो, आणि त्या खुणेवरून मेंदू हळूहळू ती अवस्था शिकतो. मेंदूत बाहेरून वीज सोडली जात नाही. लहानपणी मारहाण, उपेक्षा वा अत्याचार सोसलेल्यांचा मेंदू धोका टळल्यावरही सावध राहतो; झोप, एकाग्रता व भावनांवरील ताबा बिघडतो. घडलेले शब्दांत सांगणे ज्यांना जमत नाही, त्यांना या पद्धतीचा उपयोग होईल, अशी अपेक्षा आहे. बेसल व्हॅन डर कोल्क व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दीर्घकालीन आघातोत्तर तणाव असलेल्या ५२ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ सत्रांचे प्रशिक्षण घेतलेल्यांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. मात्र तुलना प्रतीक्षा यादीतील रुग्णांशी असल्याने हा पुरावा मर्यादित मानला जातो. त्यामुळे न्यूरोफीडबॅककडे मानसोपचाराचा पर्याय म्हणून नव्हे, तर पूरक म्हणून पाहणे योग्य ठरते.