उंदीर, प्लेग आणि हाफकिन

होस्टेलच्या खोलीत उंदीर दिसला की आपण आधी चप्पल शोधतो, मग मेसवाल्याच्या नावाने शंख करतो आणि पाच मिनिटांत सगळं विसरून जातो. पण याच उंदराने एकेकाळी मुंबई रिकामी केली होती. त्या संकटाला सामोरा गेलेला माणूस मला इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी फार मोठा आदर्श वाटतो. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव सर्पदंशाच्या लसीमुळे आपल्याकडे खेड्यापाड्यात माहीत आहे, पण हा माणूस कोण हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळालं ते ग्रंथपालाचं! तिथेच रिकाम्या वेळात प्रयोग करून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. हा धान्याच्या गोदामांचा भाग. माणसांच्या आधी इथे उंदीर मरून पडत होते. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच काय तो सरंजाम. त्यांनी मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यात जंतू वाढवले. थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. ही प्लेगच्या जंतूची खास ओळखच ठरली. मग ते जंतू उष्णतेने मारून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिला डोस स्वतःलाच! त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. टोचलेल्यांत मृत्यू बरेच कमी झाले. याच साली पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. सगळी एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, पद गेलं. पण त्याच दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांनी कुणालाच काही झालं नव्हतं. म्हणजे दोष लस बनवताना नव्हे, गावात बाटली उघडताना झाला होता. हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. ते कलकत्त्याला परत आले, पण पहिल्यासारखं काम पुन्हा त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचं निधन झालं. परळच्या प्रयोगशाळेला मात्र १९२५ मध्येच त्यांचं नाव मिळालं होतं.

दरम्यान सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. १९०५ नंतर प्लेग आयोगाने मुंबईत हजारो उंदीर चिरून तपासले आणि ते पक्कं केलं.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेग आलाच होता. १९९३ च्या भूकंपानंतर पडक्या घरांत धान्य राहिलं, उंदीर वाढले, असं त्याचं एक कारण सांगितलं गेलं. आज उंदराचं रक्त, प्लीहा, मूत्रपिंड घेऊन पीसीआरने जंतूंचा डीएनए शोधता येतो. एकाच उंदरात लेप्टोस्पायरा, बार्टोनेला असे दोन-तीन जंतू एकदम सापडू शकतात. एकाच जंतूची तपासणी करून थांबलं तर दुसरा निसटतो.

आपल्या परभणीत कापूस-सोयाबीनच्या रानात, गोदामात उंदीर-घुशी काही कमी नाहीत. मला वाटतं, तपासणीची यंत्रं स्वस्त आणि गावात नेता येतील अशी करणं हे आपलंच काम आहे. आणि बिघाड झाला की माणसाला दोष देण्याआधी बाटलीचा क्रमांक बघायचा, एवढं जरी आपण हाफकिन यांच्याकडून शिकलो तरी पुष्कळ झालं.