बाटली क्रमांक ५३-एन आणि डॉ. हाफकिन

रायपूर : जैविक औषधांच्या उत्पादनात आज सर्वाधिक कसोटी लागते ती शुद्धीकरणाच्या टप्प्यावर. हे आव्हान मुंबईत मोठ्या प्रमाणावर पेलले ते डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी.

१५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडले. पटकीवरील लस त्यांनी १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरताच सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत काम सुरू झाले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःच्याच शरीरावर पडताळली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

त्यांची उत्पादनपद्धती साधी, पण कल्पक होती. मांसरसाच्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. हा आकार हीच शुद्धतेची एक खूण होती. अन्य जंतूंचा शिरकाव झाला की तो बिघडे. काही आठवड्यांनी चंबू तापवून जंतू मारले जात. मृत जंतू आणि त्यांनी द्रवात सोडलेले विष मात्र ते वेगळे करीत नसत. दोन्ही मिळूनच संरक्षण लाभते, अशी त्यांची धारणा होती. आजच्या लसनिर्मितीत नेमके उलट, हवा तो घटक निवडून बाकीचा गाळ दूर सारण्यावर भर असतो.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. मागणी वाढली, तशी पद्धतही बदलली. कार्बोलिक आम्ल वगळून जंतुनाशासाठी केवळ उष्णतेवर विसंबण्यात आले. हाच बदल पुढे त्यांच्या अंगाशी आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. चौकशीचा ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासूनच आत वाढत असते, तर ती लपली नसती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे तपशील हाती असताना निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ उजाडावे लागले, हे विशेष खटकते. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांना जाहीरपणे उभे राहावे लागले.

हाफकिन भारतात परतले, पण कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.