डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : हिशेबाच्या वहीतून औषधाचा कारखाना उभा करणारा रसायनशास्त्रज्ञ

सिप्ला हे नाव आपल्यापैकी बहुतेक घरांत आहे. दम्याचा पंप असो, खोकल्याचं औषध असो की अँटिबायोटिकची स्ट्रिप, कुठेतरी ते छापलेलं असतंच. पण ही कंपनी कोणी काढली, असं विचारलं तर अनेक जण गप्प होतात. ती काढली अलीगढ़च्या एका मुस्लिम तरुणाने, आपल्या मुंबईत, इंग्रजांच्या राज्यात. त्याच्याजवळ वडिलोपार्जित कारखाना नव्हता. रसायनशास्त्राची पक्की तालीम मात्र होती. मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची ही कहाणी आपल्या मुलांना, विशेषतः नववी-दहावीत विज्ञानाला घाबरणाऱ्या मुलांना, माहीत असायला हवी.

अलीगढ़ ते बर्लिन

हमीद साहेबांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ़ला झाला. अलाहाबादला ते रसायनशास्त्र शिकत होते, तेव्हा देशात असहकाराची चळवळ पेटली. सरकारी शिक्षणावर बहिष्कार टाकायची हाक आली आणि अनेक तरुणांप्रमाणे तेही त्यात उतरले. 1920 मध्ये अलीगढ़ला जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली होती. सरकारी मदतीशिवाय चालणाऱ्या या नव्या संस्थेत हमीद साहेबांनी रसायनशास्त्र शिकवलं. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसैन यांच्याशी त्यांचं मैत्र याच काळातलं.

पुढच्या शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले. त्या वेळी रंग, औषधं आणि रसायनं यांत जर्मनीचा हात धरणारं कोणी नव्हतं. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिथेच लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातली लूबा ही तरुणी त्यांना भेटली आणि दोघांनी लग्न केलं. प्रयोगशाळेतली रसायनशास्त्राची परीक्षानळी आणि कारखान्यातली मोठी टाकी यांच्यात नातं काय असतं, हे हमीद साहेबांनी जर्मनीत जवळून पाहिलं. हे नातं असतं प्रमाणाचं.

कांद्याचा वजनकाटा आणि मोल

हे प्रमाण म्हणजे काय, ते आपल्या लासलगावच्या भाषेत सांगता येईल. बाजार समितीत ट्रॅक्टर येतो, कांद्याचा लिलाव होतो. कांदे कोणी मोजत बसत नाही, वजन करतात. पण एका कांद्याचं सरासरी वजन 100 ग्रॅम आहे हे ठाऊक असेल, तर एका क्विंटलमध्ये सुमारे 1000 कांदे आहेत हे न मोजताही सांगता येतं.

रसायनशास्त्रात नेमकं हेच करतात. रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, चिमट्याने उचलून मोजता येत नाहीत. म्हणून रेणूंचा एक मोठा गठ्ठा ठरवला, त्याचं नाव मोल. डझन म्हणजे 12, तसं मोल म्हणजे 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात. पदार्थाचं रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम घेतले की त्यात बरोबर एक मोल रेणू असतात. नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात हे सगळं आहे. पोरं आकडा पाठ करतात, पण तो कशासाठी आहे हे त्यांना कळत नाही.

ॲस्पिरिन घ्या. हृदयाच्या रुग्णांना डॉक्टर 75 मिलिग्रॅमची बारीक गोळी देतात. ॲस्पिरिन बनवायला सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक अनहायड्राइड लागतं. पहिल्याचं रेणुवस्तुमान 138, दुसऱ्याचं 102. दोघांचा एकेक मोल घेतला, तर एक मोल ॲस्पिरिन मिळतं, म्हणजे 180 ग्रॅम. सोबत 60 ग्रॅम ॲसिटिक ॲसिड सुटतं. आत गेले 240, बाहेर आले 240. काहीच हरवलं नाही.

आता समजा, एक लाख गोळ्या करायच्या आहेत. ॲस्पिरिन हवं साडेसात किलो. वरच्या प्रमाणाने सॅलिसिलिक ॲसिड लागेल 5.75 किलो आणि ॲसिटिक अनहायड्राइड 4.25 किलो. पण कारखान्यात कागदावरचा सगळा माल हाती येत नाही. थोडा गाळताना जातो, थोडा धुताना. शंभरातला ऐंशीच हाती येत असेल, तर सॅलिसिलिक ॲसिड सुमारे 7.2 किलो घ्यावं लागेल. हे त्रैराशिक आलं नाही तर पैसा वाया जातो. आणि गोळीत औषध कमी-जास्त पडलं तर माणसाच्या जिवावर बेततं. सूरह रहमानमध्ये मीज़ानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि वजनात खोट न करण्याची ताकीद आहे. औषध बनवणाऱ्याइतकी ती आणखी कोणाला लागू असेल?

मुंबईतला कारखाना

जर्मनीहून परतलेल्या हमीद साहेबांना एक गोष्ट खुपत होती. भारतात डॉक्टर होते, औषधांची दुकानं होती, पण औषधं मात्र बहुतेक परदेशातून यायची. 1935 मध्ये त्यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी स्थापन केली. याच नावाची आद्याक्षरं जोडून पुढे सिप्ला हे नाव झालं. 1937 मध्ये कंपनीची औषधं बाजारात येऊ लागली.

4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधींनी सिप्लाला भेट दिली. दोनच महिन्यांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून येणाऱ्या औषधांचा ओघ आटत गेला. 1942 मध्ये जपानने जावा बेट घेतलं. मलेरियावरच्या क्विनाइनचं झाड तिथेच सर्वांत जास्त पिकायचं. त्यामुळे क्विनाइनचीही जगभर टंचाई झाली. स्वतःची औषधं स्वतः बनवणं ही चैन नाही, गरज आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. सिप्लाने त्या काळात देशासाठी औषधं पुरवली.

देशाला स्वतःच्या संशोधन संस्था हव्यात, यासाठीही हमीद साहेबांनी आवाज उठवला. 1942 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, स्थापन झाली. तिच्या कारभाराशी ते दीर्घकाळ जोडलेले होते. मुंबईच्या विधान परिषदेचे ते सदस्य होते, मुंबईचे शेरीफही झाले. फाळणी झाली तेव्हा अनेक घरं दोन देशांत विभागली गेली. हमीद साहेब मुंबईतच राहिले आणि त्यांचा कारखानाही इथेच वाढला.

एक रेणू, दोन रस्ते

स्वातंत्र्यानंतरही औषधं महाग होती, कारण 1911 चा इंग्रजी पेटंट कायदा तसाच चालू होता. एखाद्या कंपनीकडे औषधाचं पेटंट असलं की, ते दुसऱ्या पद्धतीने बनवायलाही इथल्या कारखान्याला मोकळीक नव्हती. हा कायदा बदलावा म्हणून भारतीय औषध उत्पादकांनी जो रेटा लावला, त्यात हमीद साहेब पुढे होते.

1970 मध्ये नवा कायदा मंजूर झाला आणि 20 एप्रिल 1972 पासून लागू झाला. औषधाच्या बाबतीत आता पेटंट मिळणार होतं ते बनवण्याच्या पद्धतीला, खुद्द औषधाला नाही. दुसरा रस्ता शोधा आणि तेच औषध बनवा, अशी मुभा मिळाली. पण रस्ता बदलला की समीकरण बदलतं, किती मोलला किती मोल लागतात तेही बदलतं, हाती येणारा मालही बदलतो. म्हणजे कायद्याने दार उघडलं, पण आत जायला रसायनशास्त्र येणारी माणसं लागणार होती. ती तयार करण्यासाठीच हमीद साहेबांनी आयुष्य घालवलं होतं.

कायदा लागू झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, 23 जून 1972 रोजी, त्यांचं निधन झालं. त्याचं फळ त्यांच्यानंतर दिसलं. त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद, तेही केंब्रिजला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 2001 मध्ये त्यांनी एड्सची तिहेरी औषधं रोज एका डॉलरपेक्षा कमी खर्चात द्यायची तयारी दाखवली. तेव्हा याच उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागायचे. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांपर्यंत औषध पोहोचण्याचा रस्ता त्यातून खुला झाला.

आपल्या घरात

आपल्याकडे मूल नववीत मोलच्या गणिताला अडलं की घरचे म्हणतात, जाऊ दे, सायन्स आपल्याला जमणार नाही. मुलगी असेल तर हे आणखी लवकर म्हणतात. पण ज्या घरात ज़कातचा हिशेब पैशापैशाने होतो, दुकानाचा गल्ला रोज जुळवला जातो, त्या घरातल्या मुलांना गुणाकार-भागाकार परका नाही. मोलच्या गणितात त्यापलीकडे फार काही नाही. समीकरण संतुलित करा, ग्रॅमचे मोल करा, प्रमाण लावा, पुन्हा ग्रॅममध्ये आणा. चार पायऱ्या.

औषध विकत घेणारे आपण सगळेच आहोत. औषध बनवणारे व्हायचं असेल तर या चार पायऱ्या चढाव्याच लागतात. हमीद साहेब त्या आधी चढले, मग कारखाना उभा राहिला. अल्लाह त्यांची मग़फ़िरत करो आणि आपल्या मुला-मुलींना ही वाट दाखवो. आमीन.