जेन मॅनिंग जेम्स : लेक व्हायचे होते, दासी केले

१८ मे १८९४. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन मंदिरात एक विधी झाला. जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीला पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्याशी अनंतकाळासाठी जोडण्यात आले, पण दासी म्हणून. स्वतः जेन यांना त्यासाठी मंदिरात येऊ दिले नाही. त्यांच्या जागी एक गोरी बाई उभी करण्यात आली.

जेन यांचा जन्म १८२० च्या आसपास कनेक्टिकटमधल्या विल्टन गावचा. आईने गुलामी भोगली होती. जेन मात्र जन्मापासून स्वतंत्र. तरी लहानपणीच एका गोऱ्या कुटुंबात कामाला राहावे लागले. १८३० मध्ये स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाचा एक प्रचारक त्या भागात आला आणि जेन यांनी दीक्षा घेतली. १८४३ मध्ये आई-भावंडांसह त्या इलिनॉयमधल्या नॉवू या मॉर्मन शहराकडे निघाल्या. वाटेत बफेलोला बोटीवर घेतले नाही. गोरे सहप्रवासी पुढे गेले, हे लोक पायी निघाले. अंतर सुमारे ८०० मैल. बूट झिजून फाटले, तळपायांतून रक्त आले. पिओरियात तर स्वतंत्र असल्याचे कागद दाखवा, नाहीतर तुरुंगात टाकू, अशी धमकी मिळाली.

नॉवूत स्मिथ यांनी त्यांना घरात आसरा दिला. जेन तिथे धुणे धूत. स्मिथ यांच्या पत्नी एमा यांनी त्यांना धर्मविधीने मुलगी करून घेण्याची तयारी दाखवली. त्याचा अर्थ तेव्हा न कळल्याने जेन नाही म्हणाल्या. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे मंदिरात जोडलेले नाते मरणानंतरही टिकते. पुढे हे कळल्यावर तो नकार त्यांना आयुष्यभर सलला.

१८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांना ठार मारले. १८४७ मध्ये जेन पती आयझॅक आणि मुलांसह युटाच्या खोऱ्यात पोहोचल्या. १८४९ च्या टंचाईत घरात जेमतेम चार पौंड पीठ असताना त्यांनी दोन पौंड एका गोऱ्या शेजारणीला दिले. त्या शेजारणीने ते रोजनिशीत लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते.

१८५२ मध्ये ब्रिगम यंग यांनी कृष्णवर्णीयांना पौरोहित्य बंद असल्याचे जाहीर केले. कारण सांगितले बायबलमधल्या काईनच्या शापाचे. म्हणजे पाप कुणा पूर्वजाचे आणि शिक्षा जन्माने. याच पंथाने १८३६ मध्ये एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला पौरोहित्य दिले होते, हे सोयीने विसरले गेले. बंदी पुरोहितपदापुरती राहिली नाही, स्त्रियांनाही मंदिरातले वरचे विधी नाकारले गेले.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जेन यांना कुणी बाहेर हाकलले नव्हते. सभागृहात पुढच्या भागात त्यांची जागा राखीव असे, निष्ठेबद्दल कौतुक होई. मृत नातेवाइकांसाठी बाप्तिस्मा घेण्याची परवानगीही मिळाली. बहिष्काराचा हा प्रकार ओळखायला अवघड, कारण वागणूक गोड असते आणि पायरी ठरलेली असते.

जेन यांनी ती ओळखली. १८८४ पासून त्या चर्चच्या अध्यक्षांकडे अर्ज करत राहिल्या. एमा यांनी देऊ केलेले लेकीचे नाते आता द्या, अशी मागणी. अध्यक्ष बदलले, उत्तर बदलले नाही. अखेर १८९४ चा तो दासीचा विधी तडजोड म्हणून पुढे आला. जेन यांचे समाधान झाले नाही, त्यांनी पुन्हा अर्ज केले. तोवर बहुतेक मुले डोळ्यांदेखत गेली होती, दृष्टीही अधू झाली होती. म्हातारपणी त्यांनी आपली जीवनकथा सांगून लिहून घेतली.

१६ एप्रिल १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीत अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ स्वतः बोलले. अर्ज नाकारणाऱ्यांत तेही होते.

जून १९७८ मध्ये बंदी उठली. पुढच्या वर्षी, निधनानंतर ७१ वर्षांनी, जेन यांच्या नावाने मंदिरातले विधी झाले. त्यांच्या जागी याही वेळी दुसरेच कुणी उभे होते.